खोली रिकामी आहे काय? : उपलब्धता-पटाची घडण

प्रश्नाचे स्वरूप

बंगळूर शहराच्या मुख्य रेल्वेस्थानकाजवळ गुब्बी तोटदप्पा या दानशूर व्यापाऱ्यांनी १९०३ साली परगावच्या प्रवाशांसाठी एक धर्मशाळा उभारली. कानडी मुलखात अशा वास्तूला ‘छत्र’ म्हणतात. गाडीतून उतरलेल्या परक्या माणसाला रात्रीपुरते डोक्यावर छप्पर मिळावे, हा तिच्यामागील साधा हेतू होता. त्या काळी तेथे आलेल्या प्रवाशाचा पहिला प्रश्न ‘खोली रिकामी आहे काय?’ हाच असणार, आणि शहर कितीही वाढले तरी आजही तोच प्रश्न प्रथम विचारला जातो.

मात्र प्रश्न विचारण्याची रीत पालटली आहे. कर्करोगाच्या उपचारांसाठी किदवाई संस्थेत, किंवा मेंदूच्या व मनाच्या विकारांसाठी ‘निम्हान्स’ या संस्थेत रुग्णाला घेऊन येणारी कुटुंबे दूरदूरच्या गावांहून बंगळुरास येतात. सोलापुराहून रेल्वेने निघालेले असे एखादे कुटुंब दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरात पोचते. तेथे गेल्यावर खोली शोधत फिरण्याची त्यांची स्थिती नसते. म्हणून ते घरूनच भ्रमणध्वनीच्या पडद्यावर विश्रामगृहाचा उपलब्धता-पट पाहतात. एका बाजूस खोल्यांचे क्रमांक, वर तारखा आणि मध्ये भरलेल्या व मोकळ्या चौकटी, असे हे कोष्टक असते. मोकळी चौकट पाहून कुटुंब पैसे भरते व निघते. ती चौकट खोटी ठरली, तर आजारी माणसाला घेऊन परक्या शहरात दारोदार हिंडण्याची पाळी त्यांच्यावर येते. एवढ्याशा चौकटीवर एवढा मोठा भार असल्यामुळे ती कशी तयार होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत पाठात तेच पाहावयाचे आहे.

वहीपासून यंत्रापर्यंत

खोल्या थोड्या आणि व्यवस्थापक एकच असेल, तेथे एक वही पुरते. वहीच्या पानावर उभ्या-आडव्या रेघा ओढाव्या, आडव्या ओळीस खोलीचा क्रमांक द्यावा, उभ्या रकान्यास तारीख द्यावी, आणि खोली दिली की त्या चौकटीत नाव लिहावे. या वहीत एक मोठा गुण आहे. ती एकच असते व एका वेळी एकच हात तीत लिहू शकतो. म्हणून एक चौकट दोघांना दिली जाण्याचा संभव फार थोडा असतो.

खरी अडचण, विचारणारे अनेक झाले व ते दूरदूर पसरले म्हणजे सुरू होते. विमान कंपन्यांना ती प्रथम तीव्रतेने जाणवली. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १९४६ साली ‘रिझर्व्हायझर’ नावाचे विद्युत्-यांत्रिक यंत्र वापरात आणले. पुढे याच कंपनीने आयबीएमच्या साहाय्याने ‘सेबर’ ही संगणकीय व्यवस्था उभारली व १९६४ च्या सुमारास तिचे जाळे पूर्ण झाले. जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने १९६० साली ‘मार्स-१’ या यंत्राद्वारे आगगाडीतील जागा राखून देण्यास आरंभ केला होता. भारतीय रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८५ साली नवी दिल्ली येथे सुरू झाले, आणि २००२ पासून आंतरजालावरून रेल्वेची तिकिटे मिळू लागली. बंगळुरातच २००६ साली स्थापन झालेल्या ‘रेडबस’ या कंपनीने बसमधील रिकाम्या आसनांचा नकाशा प्रवाशाच्या पडद्यावर आणून ठेवला. या सर्व व्यवस्थांच्या पोटी प्रश्न एकच होता. तो म्हणजे वही एक, आणि तीत पाहणारे व लिहिणारे मात्र हजारो, अशा स्थितीत वही खरी कशी ठेवावी?

विश्रामगृहाच्या खोलीचा प्रश्न आसनाच्या प्रश्नाहून एका बाबतीत निराळा आहे. प्रवास संपला की आसन मोकळे होते. खोली मात्र सलग अनेक रात्रींसाठी द्यावी लागते. या एका फरकामुळे पुढील सर्व विचार उद्भवतो.

दिवस की रात्र?

पटाच्या रकान्यावर आपण तारीख लिहितो, परंतु विकली जाते ती रात्र. १४ ऑगस्टला येऊन १७ ऑगस्टला जाणाऱ्या प्रवाशाचा संबंध चार तारखांशी येतो, पण त्याच्या रात्री तीनच होतात : १४, १५ व १६. हाताची बोटे पाच असली तरी बोटांमधील बेचकी चारच भरतात, तसेच हे आहे. तारखा ही बोटे होत, रात्री ही बेचकी होत.

यावरून पहिला नियम निघतो. येण्याची तारीख मुक्कामात धरावी, जाण्याची तारीख धरू नये. गणिताच्या भाषेत अशा कालखंडास अर्धा उघडा अंतराल म्हणतात, कारण त्याचे आरंभीचे टोक बंद असते व शेवटचे उघडे असते. या नियमाचे दोन लाभ आहेत. एक, रात्रींची संख्या काढण्यास जाण्याच्या तारखेतून येण्याची तारीख वजा केली की पुरे. एक मिळवा की वजा करा, हा संशय उरत नाही. दुसरा, एक पाहुणा १५ तारखेस सकाळी गेला व दुसरा त्याच दिवशी दुपारी आला, तर दोघांचे मुक्काम एकमेकांना खेटून बसतात, एकमेकांवर येत नाहीत. दोन्ही टोके धरली असती, तर १५ तारीख दोघांच्याही वाट्यास जाऊन पट खोटीच तक्रार करू लागला असता.

मध्यरात्रीनंतर पोचणाऱ्या प्रवाशाचाही विचार करावयास हवा. घड्याळाप्रमाणे १६ तारखेस रात्री एक वाजता आलेला मनुष्य प्रत्यक्षात १५ तारखेच्या रात्रीची खोली वापरतो. आपल्या पंचांगाच्या वाचकास यात नवल वाटणार नाही. पंचांगातील वार सूर्योदयापासून पुढील सूर्योदयापर्यंत चालतो. म्हणून सोमवारची पहाट उजाडेपर्यंत रविवारच असतो. विश्रामगृहाची रात्रही अशीच मागील तारखेस बांधलेली असते. हा संकेत पटाच्या रचनाकाराने आरंभीच ठरवून पडद्यावर स्पष्ट शब्दांत लिहिला पाहिजे.

दोन मुक्काम एकमेकांवर केव्हा येतात?

नवा पाहुणा खोली मागतो, तेव्हा त्याचा मुक्काम जुन्या एखाद्या मुक्कामाशी भिडतो काय, हे तपासावे लागते. दोन कालखंड एकमेकांवर येण्याचे प्रकार अनेक : पहिल्याचे शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर, दुसऱ्याचे शेपूट पहिल्याच्या डोक्यावर, एक दुसऱ्याच्या पोटात, किंवा दोन्ही तंतोतंत सारखे. प्रत्येक प्रकारासाठी वेगळी कसोटी लिहू लागल्यास एखादा प्रकार सुटण्याची भीती असते.

येथे उलट बाजूने विचार करणे सोपे जाते. दोन मुक्काम एकमेकांवर केव्हा येत नाहीत? असे दोनच प्रसंग आहेत. एक तर पहिला संपल्यावर, अथवा त्याच दिवशी, दुसरा सुरू होतो. नाही तर दुसरा संपल्यावर, अथवा त्याच दिवशी, पहिला सुरू होतो. ‘हे किंवा ते’ या विधानाचा नकार ‘हेही नाही आणि तेही नाही’ असा होतो. तर्कशास्त्रातील हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ साली दक्षिण भारतातील मदुराई येथे झाला होता, हे येथे सांगण्यासारखे आहे. तो नियम लावला असता कसोटी अशी मिळते :

पहिल्याचे येणे दुसऱ्याच्या जाण्याच्या आधी, आणि दुसऱ्याचे येणे पहिल्याच्या जाण्याच्या आधी. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच मुक्काम एकमेकांवर येतात.

अवघ्या दोन तुलनांत सर्व प्रकार येऊन जातात. १० ते १४ आणि १४ ते १७ हे मुक्काम घेऊन पाहू. १० ही तारीख १७ च्या आधी आहे, हे खरे. पण १४ ही १४ च्या आधी आहे, हे खोटे. म्हणून ते भिडत नाहीत. १२ ते १५ आणि १४ ते १७ घेतल्यास दोन्ही तुलना खऱ्या ठरतात, कारण १४ ची रात्र दोघांनाही हवी आहे.

पटाची मांडणी

आता एक लहानसे काल्पनिक विश्रामगृह घेऊ. खोल्या चार : १०१, १०२, १०३ व १०४. काळ मुद्दाम ऑगस्टच्या मध्याचा निवडला आहे, कारण स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास बंगळुरातील लालबागेत पुष्पप्रदर्शन भरते व गावात परगावच्या लोकांची गर्दी होते. पटावर १२ ते १८ ऑगस्ट या सात रात्री दाखवावयाच्या आहेत. म्हणजे ही खिडकी १२ तारखेस उघडते व १९ तारखेस मिटते. नोंदी पुढीलप्रमाणे आहेत :

खोली १०१ : १० ते १४, पाहुणा.
खोली १०२ : १४ ते १७, पाहुणा.
खोली १०३ : १२ ते १५, पाहुणा, आणि १५ ते १६, दुसरा पाहुणा.
खोली १०४ : १६ ते २०, दुरुस्तीसाठी बंद.

दुरुस्तीची नोंदही मुक्कामाच्या यादीतच घातली आहे, हे वाचकाच्या ध्यानात आले असेल. रंगारी किंवा नळकारागीर हाही पटाच्या दृष्टीने एक पाहुणाच होय. त्याच्यासाठी वेगळी यादी ठेवल्यास एखादे दिवशी कोणी ती पाहण्याचे विसरेल व उखडलेल्या फरशीच्या खोलीत पाहुणा पाठवील.

या नोंदींवरून चौकटी कशा भराव्या? नवशिक्या रचनाकारास सुचणारी रीत अशी की, प्रत्येक चौकटीपाशी थांबून माहितीसाठ्यास ‘या खोलीत या रात्री कोणी आहे काय?’ असे विचारावे. चार खोल्या व सात रात्रींचे अठ्ठावीस प्रश्न होतात, ते चालून जाईल. परंतु बारा खोल्या व तीस रात्री घेतल्या की प्रश्न ३६० होतात. एका प्रश्नोत्तरास सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो असे धरले, तरी सात सेकंदांहून अधिक वेळ जाईल, आणि पाहणारा कंटाळून निघून जाईल.

शहाणी रीत उलट आहे. माहितीसाठ्यास एकच प्रश्न विचारावा : ‘या खिडकीशी भिडणारे सर्व मुक्काम दे.’ वर काढलेली दोन तुलनांची कसोटी येथेच उपयोगी पडते. दुसऱ्या मुक्कामाच्या जागी खिडकी ठेवावयाची, इतकेच. मग हाती आलेल्या प्रत्येक मुक्कामावर तीन क्रिया कराव्या.

पहिली क्रिया छाटणीची. मुक्काम खिडकीच्या आधी सुरू होत असेल तर त्याचा आरंभ खिडकीच्या आरंभाशी आणावा, आणि खिडकीनंतर संपत असेल तर त्याचा शेवट खिडकीच्या शेवटाशी आणावा. दुसरी क्रिया स्थान काढण्याची. छाटलेल्या आरंभातून खिडकीचा आरंभ वजा करून एक मिळवावा. तो रकान्याचा क्रमांक होय. तिसरी क्रिया लांबी काढण्याची. छाटलेल्या शेवटातून छाटलेला आरंभ वजा करावा.

खोली १०१ चा १० ते १४ हा मुक्काम छाटल्यावर १२ ते १४ होतो. त्याचे स्थान पहिला रकाना व लांबी दोन. खोली १०२ चा मुक्काम तिसऱ्या रकान्यापासून तीन चौकटी व्यापतो. खोली १०४ ची दुरुस्ती छाटल्यावर १६ ते १९ होते. ती पाचव्या रकान्यापासून तीन चौकटी व्यापते. अशा रीतीने पुढील पट तयार होतो. ‘भ’ म्हणजे भरलेली, ‘दु’ म्हणजे दुरुस्तीसाठी बंद, ‘रि’ म्हणजे रिकामी.

| खोली | १२ | १३ | १४ | १५ | १६ | १७ | १८ |
|---|---|---|---|---|---|---|---|
| १०१ | भ | भ | रि | रि | रि | रि | रि |
| १०२ | रि | रि | भ | भ | भ | रि | रि |
| १०३ | भ | भ | भ | भ | रि | रि | रि |
| १०४ | रि | रि | रि | रि | दु | दु | दु |

ताळा पाहू. मुक्कामांच्या लांबींची बेरीज २ + ३ + ३ + १ + ३ = १२ होते. अठ्ठावीस चौकटींतून बारा गेल्या म्हणजे सोळा रिकाम्या उरल्या. कोष्टकात मोजल्या तरी तितक्याच भरतात. असा ताळा आज्ञावलीतही ठेवावा, म्हणजे चूक पाहुण्याच्या आधी रचनाकारास सापडते.

पडद्यावर हा पट आखण्यास पूर्वी बहुधा कोष्टकाची ओळ-रकाना पद्धत वापरीत. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांमध्ये ‘सीएसएस ग्रिड’ नावाची जाळीची मांडणी उपलब्ध झाली. तीत ‘तिसऱ्या रकान्यापासून तीन घरे’ असे सांगितले की पट्टी आपोआप जागेवर बसते. म्हणून वर काढलेले स्थान व लांबी हे दोन आकडे जसेच्या तसे कामास येतात.

घड्याळाचा घोटाळा

पट बरोबर आखूनही कधीकधी सर्व पट्ट्या एक दिवस मागे सरकलेल्या दिसतात. नवशिक्यास हा चमत्कार वाटतो, पण त्याचे कारण भूगोलात आहे. भारताची प्रमाण वेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावर ठरविली आहे. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. यावरून आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे येते. संगणक मात्र बहुधा जागतिक वेळेतच हिशेब ठेवतो. बंगळुरात १५ ऑगस्ट उजाडून मध्यरात्रीचा ठोका पडतो, तेव्हा जागतिक वेळेत १४ ऑगस्टचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. रचनाकाराने ‘१५ ऑगस्ट’ ही तारीख ‘१५ ऑगस्टची मध्यरात्र’ म्हणून साठविली व नंतर जागतिक वेळेतून नुसता तारखेचा भाग उचलला, तर त्याच्या हाती १४ ऑगस्ट येतो. सोलापूरच्या कुटुंबाची खोली अशा वेळी एक रात्र आधीच मोजली जाईल व त्यांना ती हवी असेल त्या शेवटच्या रात्री दुसऱ्यास दिली जाईल.

उपाय सोपा आहे. मुक्कामाची तारीख ही वेळ नव्हे, ते दिनदर्शिकेवरील एक नाव आहे. ती वर्ष, महिना व दिवस याच रूपात साठवावी, तीस तास-मिनिटे जोडू नयेत. दोन तारखांमधील अंतरही तासांना चोविसाने भागून काढू नये. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे पुढे करतात, तेथे वर्षातील एक दिवस तेवीस तासांचा व एक पंचवीस तासांचा असतो. भारतात आज अशी प्रथा नाही. तथापि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, येथेही घड्याळे एक तास पुढे केली होती.

आणखी एक लहान खड्डा सांगितला पाहिजे. १९९५ साली निर्माण झालेल्या जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत महिन्यांची मोजणी शून्यापासून होते. जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक, याप्रमाणे ऑगस्टचा आकडा सात येतो. आठ लिहिल्यास सप्टेंबर मिळतो, आणि यंत्र काही तक्रार करीत नाही.

एक खोली, दोन पाहुणे

आता सर्वांत नाजूक भागाकडे वळू. सोलापूरचे कुटुंब आपल्या घरी व दुसरा एखादा प्रवासी मंगळुरात, असे दोघे एकाच क्षणी तीच मोकळी चौकट पाहत आहेत असे समजा. दोघांनाही ती रिकामी दिसते, व ते दिसणे खरेही आहे. दोघेही ‘राखून ठेवा’ असे कळवितात. पहिल्याची मागणी येताच आज्ञावली खोली रिकामी आहे असे पाहते. ती नोंद लिहिण्यापूर्वीच दुसऱ्याची मागणी येते व तिलाही खोली रिकामीच दिसते. मग दोन्ही नोंदी लिहिल्या जातात. कोणीही खोटे बोलले नाही, तरी एक खोली दोघांना दिली गेली.

दोष ‘पाहणे’ आणि ‘लिहिणे’ यांमधील फटीत आहे. वहीच्या काळी ही फट नव्हती, कारण पाहणारा व लिहिणारा हात एकच होता. संगणकातही या दोन क्रिया अखंड जोडाव्या लागतात. अशा अखंड जोडीस व्यवहार म्हणतात. तो पुरता घडतो किंवा मुळीच घडत नाही. परंतु नुसता व्यवहार म्हटल्याने भागत नाही, कारण दोन व्यवहार शेजारी-शेजारी चालू राहू शकतात. म्हणून अंतिम पहारा माहितीसाठ्याच्या दारातच बसवावा.

त्याची एक सोपी रीत अशी : प्रत्येक खोलीच्या प्रत्येक रात्रीस एक स्वतंत्र ओळ द्यावी, आणि ‘खोली व रात्र ही जोडी दुसऱ्यांदा येता कामा नये’ असा नियम माहितीसाठ्यास घालून द्यावा. मग दोघांपैकी जो आधी पोचेल त्याची नोंद होईल व दुसऱ्याची परत फिरेल. मुक्कामातील एक रात्र जरी नाकारली गेली, तरी सगळा मुक्काम मागे घ्यावा, अर्धवट ठेवू नये. दुसरी रीत म्हणजे कालखंडच साठवून ‘एकाच खोलीचे कालखंड एकमेकांवर येऊ नयेत’ असा नियम घालणे. पोस्टग्रेस या माहितीसाठा-प्रणालीत असा वर्ज्यतेचा नियम २०१० पासून, आणि कालखंड हा स्वतंत्र प्रकार २०१२ पासून उपलब्ध आहे.

यावरून एक महत्त्वाचे तत्त्व हाती येते. पडद्यावरील पट हे वचन नव्हे, ते मघाच्या क्षणाचे चित्र आहे. वचन नोंद झाल्यावरच दिले जाते. पैसे भरण्यास काही मिनिटे लागतात, तेवढ्यापुरती खोली ‘तात्पुरती राखीव’ ठेवण्याची पद्धत यासाठीच आहे. मात्र त्या राखणीस मुदत असावी, नाही तर अर्ध्यावर सोडून गेलेल्या माणसाच्या नावे खोली अडकून पडते.

खोल्या रिकाम्या असूनही जागा नाही

आपल्या विश्रामगृहात आता सोलापूरच्या कुटुंबाची मागणी आली आहे : १३ ऑगस्टला येऊन १७ ऑगस्टला जाणे, म्हणजे १३, १४, १५ व १६ या चार रात्री. पटाकडे पाहावे. चारही रात्री प्रत्येकी दोन खोल्या रिकाम्या आहेत. प्रत्येक रात्रीची रिकाम्या खोल्यांची संख्या एवढेच पाहणारी आज्ञावली ‘जागा आहे’ असे उत्तर देईल. पण नीट शोधले तर चारही रात्री मोकळी अशी एकही खोली नाही. १०१ व १०३ या १३ च्या रात्री भरलेल्या आहेत, १०२ ही १४ ला अडते आणि १०४ ही १६ ला. रुग्णासह कुटुंबास मध्येच सामान उचलून दुसऱ्या खोलीत जावे लागेल, आणि हे त्यांना आधी कोणी सांगितलेले नसेल.

उलट, एकेक ओळ तपासणारी आज्ञावली ‘जागा नाही’ असे सांगेल, आणि तेही पुरते खरे नाही. खोली १०२ मध्ये १४ ते १७ या काळासाठी येणारा पाहुणा अद्याप आलेला नाही, आणि खोली १०१ ही १४ पासून मोकळी आहे. त्याची नोंद १०२ मधून काढून १०१ मध्ये ठेवली, तर १०२ पूर्ण मोकळी होते व कुटुंबास चारही रात्री एकच खोली मिळते. कोणाचेही नुकसान होत नाही.

या युक्तीमागे एक सुंदर गणिती सत्य आहे. कोणत्याही एका रात्रीच्या मुक्कामांची संख्या खोल्यांच्या संख्येहून अधिक नसेल, तर सर्व मुक्काम, प्रत्येकास एकच खोली देऊन, बसवता येतात. त्यासाठी मुक्काम येण्याच्या तारखेच्या क्रमाने घ्यावे व प्रत्येकास त्या वेळी मोकळी असलेली कोणतीही खोली द्यावी. खोली अडण्याचे कारणच उरत नाही; कारण एखाद्या मुक्कामाच्या पहिल्या रात्री सर्व खोल्या भरलेल्या आढळल्या, तर त्या रात्रीचे मुक्काम खोल्यांहून एकाने अधिक झाले असा अर्थ होईल, आणि तसे नाही हे आपण मानलेच आहे. मात्र दोन मर्यादा पाळाव्या लागतात. आधीच राहावयास आलेल्या पाहुण्यास हलवता येत नाही, आणि तळमजल्याचीच खोली हवी असलेल्या वृद्धाची किंवा अपंगाची नोंद हलवू नये. म्हणून ‘हलविता येईल’ व ‘हलविता येणार नाही’ असा भेद प्रत्येक नोंदीत ठेवावा.

पाहणाऱ्याच्या दृष्टीने

पट बरोबर असणे पुरेसे नाही, तो वाचताही आला पाहिजे. लाल म्हणजे भरलेली व हिरवी म्हणजे रिकामी, एवढ्यावर विसंबू नये. काही लोकांना, विशेषतः पुरुषांपैकी काहींना, हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. रंगासोबत अक्षर किंवा शब्द असावा. दृष्टिहीन व्यक्ती पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनाच्या मदतीने पट ऐकते. प्रत्येक चौकटीस ओळीचे व रकान्याचे शीर्षक नीट जोडलेले असेल, तर तिला ‘खोली १०३, १६ ऑगस्ट, रिकामी’ असे ऐकू येते, नसेल तर ‘रिकामी, रिकामी, भरलेली’ असा निरर्थक जप कानी पडतो. पट बाजूला सरकविला तरी खोल्यांचे क्रमांक व तारखांची ओळ जागच्या जागी राहावी. पाहुण्याचे नाव मात्र बाहेरच्या कोणाच्याही पडद्यावर जाऊ नये. बाहेरच्यास चौकट भरली आहे एवढेच कळावे.

समारोप

उपलब्धता-पट हे दिसावयास साधे कोष्टक आहे. परंतु त्याच्या पोटात अंतरालांचे गणित, तर्कशास्त्राचा एक नियम, पृथ्वीच्या भ्रमणाचा हिशेब आणि दोन हातांना एकाच वहीत न गोंधळता लिहू देण्याची व्यवस्था, इतक्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. १९०३ मध्ये बंगळुरात धर्मशाळा बांधणाऱ्या गृहस्थांनी दगड, चुना व लाकूड वापरून जे साधले, त्याचाच एक भाग आज आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती आला आहे. रात्री दार ठोठावणाऱ्यास दिलेला शब्द पाळणे, हे काम तेव्हा धर्मशाळेचे होते. आता त्याचा आरंभ एका चौकटीपासून होतो. ती चौकट खरी असावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. २८ फेब्रुवारी २०२८ ला येऊन २ मार्च २०२८ ला जाणाऱ्या पाहुण्याच्या रात्री किती होतील? हाच मुक्काम २१०० साली असता तर किती झाल्या असत्या? फरकाचे कारण सांगा.

२. ५ ते ९ आणि ९ ते १२ हे मुक्काम एकमेकांवर येतात काय? दोन तुलनांच्या कसोटीने उत्तर द्या.

३. पाठातील पटात खिडकी १४ ते १८ या पाच रात्रींची केल्यास प्रत्येक नोंदीचे स्थान व लांबी काढा. कोणती नोंद पटावर दिसणार नाही?

४. सोलापूरच्या कुटुंबाची नोंद झाल्यानंतरचा पट आखा व रिकाम्या चौकटींचा ताळा करून दाखवा.

५. आपल्या शाळेतील प्रयोगशाळा अनेक वर्ग वापरतात. तासिकांसाठी असाच पट आखा. रात्रीच्या जागी कोणते एकक घ्यावे लागेल, आणि वर सांगितलेल्यांपैकी कोणता नियम तेथे जसाच्या तसा लागू पडेल?